पाला दारातून आत आला की

आमच्या शेडमध्ये दोन वजनकाटे आहेत. एकावर भाजी जोखायची, दुसऱ्यावर कचरा. भाजीचा काटा पन्नास ग्रॅमने इकडेतिकडे झाला तर म्हापशाचा व्यापारी एक शिवी देतो आणि विषय संपतो. कचऱ्याच्या काट्याला मात्र कॅलिब्रेशनचं स्टिकर लागतं, आणि त्याची तारीख जवळ आली की मला झोप लागत नाही.

शेड म्हटल्यावर फार काही डोळ्यांपुढे आणू नका. गोव्यात साखळीहून वाळपईकडे जाताना आत वळणारा एक रस्ता, तिथे आमच्या जुन्या गोठ्याची जागा. वर पत्रे, खाली कोबा, मधोमध स्टीलचं लांब टेबल. गावातले नऊ-दहा जण पावसात भेंडी, दोडकी, कारली, काकडी आणून देतात. हिवाळ्यात मुळा, तांबडी भाजी, वाल, कोबी, नवलकोल. आम्ही निवडतो, छाटतो, जुड्या बांधतो, क्रेट भरतो. उरतं ते उरतं. त्यात नवलकोल सगळ्यांत उधळा. गड्डा मुठीएवढा आणि पाला परसभर.

हे उरलेलं पूर्वी मागच्या गायरीत जायचं. गायरी म्हणजे गायरी; तिची व्याख्या करायची पाळी सासूबाईंच्या सासूबाईंपासून कुणावर आली नव्हती. मग किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलने आमची भाजी घ्यायचं ठरवलं. आम्ही पेढे वाटले. पाठोपाठ चव्वेचाळीस प्रश्नांची यादी आली आणि गायरीचं एका रात्रीत ‘कंपोस्टिंग युनिट’ झालं.

यादीतला एकतिसावा प्रश्न होता, टाकाऊ भाजीपाल्याची विल्हेवाट कशी लावता. मी तो मोठ्याने वाचला. सासूबाई वाल सोलत होत्या. म्हणाल्या, “लावायची कसली? ती आपली आपण लागते.”

हे उत्तर मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मी लिहिलं, “स्थानिक नियमांनुसार.” मग ते नियम कोणते ते शोधत मी पंचायतीत गेले.

सोबत एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सात-बारा), कृषी कार्ड, आधार आणि कुणी मागितलं तर असावं म्हणून लग्नपत्रिका सोडून बाकी सगळं नेलं होतं. टेबलामागच्या भावोजींनी (नात्याने लांबचे दीर लागतात, त्यामुळे काम लवकर होईल हा माझा भ्रम) तेव्हा लागू असलेले २०१६ चे घनकचरा नियम काढले.

“दिवसाला किती किलो?”

“तीस-चाळीस. चवथीच्या आठवड्यात दीडशेसुद्धा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “शंभरच्या वर गेलात तर तुम्ही मोठे कचरा उत्पादक, वहिनी.”

वीस वर्षं भाजी पिकवली, कुणी मोठं म्हटलं नाही. कचऱ्याने ते करून दाखवलं.

चवथीचं गणित गोव्याबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या फळाभाज्यांच्या मंडपीला, टांगायची काकडी देठासकट लागते, डाग नको, वाकडी नको, देठाला पान असेल तर दहा रुपये जास्त. म्हणजे शंभर काकड्या आल्या तर वीस देवाच्या, साठ माणसांच्या आणि वीस गायरीच्या. पडवळाचंही तेच. देव काही नाकारत नाही, पण देवासाठी खरेदी करणारा माणूस फार नाकारतो.

“पण नियमात दिवसाची सरासरी शंभर किलो असं आहे ना?” मी रात्री जागून वाचून गेले होते.

“सरासरी आहे. पण ती वर्षाची धरायची की महिन्याची?” भावोजींनी विचारलं. उलट प्रश्न करून अडवत नव्हते. त्यांना खरंच माझ्याकडून कळायला हवं होतं.

आम्ही दोघांनी मिळून वर्षाची धरली. मग दुसरी शंका त्यांनाच आली. “पण छाटता कुठे? शेतात की शेडमध्ये?”

“शेडमध्ये.”

“शेतात छाटून तिथेच टाकलं असतं तर तो पिकाचा पाला. आमचा काही संबंध नाही. पाला दारातून आत आला की कचरा.”

मी घरी येऊन त्या दाराकडे बराच वेळ पाहत उभी राहिले. साधं दार. डाव्या बाजूला लिंबू-मिरची, उजव्या बाजूला मीटर. बाहेर, दहा पावलांवर, नवलकोलाची पानं मातीत कुजत होती आणि ती निसर्ग होती. त्याच झाडाची पानं आत टेबलाखाली पडली होती आणि ती माझी कायदेशीर जबाबदारी होती.

त्यानंतर रंगांचं प्रकरण निघालं. प्रदूषणाच्या हिशेबात उद्योगांना लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे रंग दिलेले असतात. लाल सगळ्यांत वाईट, पांढऱ्याला परवानगी लागत नाही, नुसतं कळवायचं. एका कचेरीत मला पांढरा सांगितला, दुसरीत हिरवा. तिसरीत विचारायचं धाडस मी केलं नाही, लाल निघाला असता तर काय तोंड दाखवलं असतं? दोन्हीकडे अर्ज ठेवून आले. पांढऱ्याचं पत्र आधी आलं. ते मी पाकिटासकट लॅमिनेट केलं.

कागद जमले तसा खरा प्रश्न मागे उभा होता: ढीग. गायरीत शेण, राख, पाला, केर सगळं जायचं, म्हणून ती बिनबोभाट चालायची. शेडचा पाला एकट्याने तसा वागत नाही. भाजी म्हणजे नव्वद टक्के पाणी. त्याच्यावर आमचा पाऊस, वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर. पहिल्या जुलैत ढिगाची पातळ भाजी झाली. हवा आत जाईना, आणि हवा नसली की जे जंतू कामाला लागतात त्यांना स्वच्छतेची काही चाड नसते. वास कसा म्हणाल, तर काजूच्या बोंडांचा आंबलेला रस आणि त्यात कुणी बांगड्यांची पिशवी विसरून मुंबईला गेलेला. शेजारच्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) नातवाने नुकताच होमस्टे काढला होता. त्याने मला व्हॉट्सअॅपवर काहीच लिहिलं नाही, फक्त नाकाचं चित्र पाठवलं. एकच नाक. रोज सकाळी सात वाजता.

उपाय सोपा आहे, पण तो जुलैत सुचून उपयोग नसतो. ओल्या हिरव्या पाल्यातल्या नायट्रोजनला कोरड्या तपकिरी वस्तूंतल्या कार्बनची जोड लागते. नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे पंचवीस-तीस भाग. म्हणजे सुका पाला, गवत, भाताचं तूस, नारळाच्या सोडणांचा भुगा. हा सुका पाला आपल्याकडे जानेवारी ते मार्च रस्तोरस्ती पडलेला असतो आणि लोक झाडून काड्यापेटी लावतात. मी पुढच्या माघात दारोदार जाऊन तो मागितला. लोकांनी आधी दिला नाही. फुकट जाळत असलेली वस्तू कुणी मागायला आलं की तिची किंमत वाढते. एका आजीने फणसाची पानं दिली, पण काजूची “आमची आमकां जाय” (आमची आम्हालाच हवीत) म्हणून ठेवून घेतली. बरंच झालं, काजूचं पान लवकर कुजत नाही. साठ पोती जमली. ढिगावर पत्रे आले, खाली ओघळणारं पाणी चरातून टाकीत जाऊ लागलं. नाकाचं चित्र येणं थांबलं. नंतर त्याने गुलाब पाठवला, पण तो ‘गुड मॉर्निंग’वाला होता, त्यावरून काही ठरवता येत नाही.

आता उरला यादीतला अडतिसावा प्रश्न, तापमानाचा. हॉटेलच्या सल्लागाराने तो अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांतून जसाच्या तसा उचलला होता: उघड्या लांबट ढिगात ५५ ते ७७ अंश सेल्सिअस, पंधरा दिवस, आणि तेवढ्यात किमान पाच वेळा परतणं. शेणातले रोगजंतू मरावेत म्हणून एवढं. मी सल्लागाराला फोनवर म्हटलं, आमचा तर नुसता पाला.

“शेण अजिबात घालत नाही?”

“विरजण म्हणून. एक बादली.”

“मग झालं.”

आठ क्विंटल पाल्यात एक बादली शेणकाला. दुधात मिठाचा खडा पडावा तसं सगळं त्या बादलीने नासलं. शेण सोडा म्हणावं तर दाजी ऐकायचे नाहीत. दाजी म्हणजे ढिगाचे मालक. वय सत्तर, आमच्याकडे पन्नास वर्षं. शेडवर नवऱ्याचं नाव असलं तरी ढिगाचा शब्द त्यांचा. मी त्यांना दोन फुटी दांड्याचा थर्मामीटर आणि एक रजिस्टर आणून दिलं आणि रोज सकाळी आकडा लिहायला सांगितलं.

सप्टेंबरात तपासनीस आला. पंचविशीतला मुलगा, बूट नवे, आवाज मऊ. त्याने रजिस्टर उघडलं. पहिला दिवस ६२. दुसरा ६२. पंधराही दिवस ६२, सुंदर वळणदार अक्षरात.

“वहिनी, ढीग परतला त्या दिवशीही बासष्ट? परतल्यावर तो थोडा उतरतो, मग पुन्हा चढतो.”

मी दाजींकडे पाहिलं. दाजी पत्र्याकडे पाहत होते.

“आणि चवथीच्या दिवशी सकाळी सहा वाजता कोण आलं होतं मोजायला?”

“चवथीला कोण कशाला येईल?” दाजी म्हणाले. इतक्या प्रामाणिकपणे, की मुलगा क्षणभर गप्प झाला.

थर्मामीटर कुठे आहे ते विचारल्यावर दाजींनी तो घरून आणला. मोडेल म्हणून देव्हाऱ्याच्या बाजूला, मूळच्या प्लॅस्टिकमध्ये, वर हळदीकुंकू लावून ठेवला होता. मोजायची रीत त्यांची वेगळी होती. ढिगात लोखंडी पहार खुपसून ठेवायची, पेज पिऊन यायचं, पहार उपसायची आणि टोकाला मूठ लावायची.

“धरवत नाही म्हणजे बासष्ट,” त्यांनी समजावलं. “धरवते म्हणजे पंचेचाळीस. मधलं काही पहारीला कळत नाही.”

“पण बासष्टच का?”

“वहिनींनी कागद दाखवला त्यात पंचावन्न ते सत्त्याहत्तर होतं. अगदी मधला आकडा लबाडाचा वाटतो. थोडा अलीकडचा घेतला.”

मुलाने स्वतःचं यंत्र काढलं. ढिगाच्या एका अंगाला ५८ लागलं, दुसऱ्या अंगाला ६४. दाजींनी बोटं मोडली. “बेरीज करून अर्धी करा. एकसष्ट. मी एक अंश जास्त लिहिला, तेवढी माफी करा सायबा.”

शेरा पडलाच: नोंदी विश्वासार्ह नाहीत, पंधरा दिवस फिरून मोजावं. माझी काही तक्रार नाही, पोराचं बरोबरच होतं. शिजलेल्या ढिगाशी त्याचं भांडण नव्हतं, रजिस्टरमधल्या ढिगाशी होतं, आणि तो ढीग आमच्याइतका मेहनती नव्हता.

त्या पंधरा दिवसांचा ढीग मार्गशीर्षात तयार झाला. काळपट, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचा. आठ क्विंटल पाल्याची मोजून नऊ पोती. आपल्याला लागून चार उरली. शेजारणीने दोन मागितली आणि पैसे काढले. मी सापाला पाहावं तशी मागे सरले. खत विकायचं म्हणजे १९८५ चा खत नियंत्रण आदेश आला: ओलावा १५ ते २५ टक्के, कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण विसाच्या खाली, चार मिलिमीटरच्या चाळणीतून नव्वद टक्के खाली गेलं पाहिजे, शिसं, पारा, कॅडमियम वेगळंच. तिने मग अंडी दिली. चोवीस. ती विक्री होते का, यावर मी आणि नवरा दोन रात्री बोललो. शेवटी ऑम्लेट खाल्लं, पुरावा राहायला नको.

तरी एक नमुना हौसेने प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात सगळं बसलं. फक्त चाळणीवर वर राहिलेल्यांत ‘इतर पदार्थ’ म्हणून बारा रबरबँड निघाले, तांबड्या भाजीच्या जुड्यांचे. एकाला गांडुळाने मधून वळसा घातला होता, निघता येईना. आता आम्ही पुन्हा केळीच्या सोपाने जुड्या बांधतो. सासूबाईंना अहवालातली एकच ओळ आवडली: ‘दुर्गंध नाही’. ती त्यांनी भाटकाराच्या नातवाला नेऊन वाचून दाखवली.

बाकी सगळं निभलं, पण ते दार माझ्या डोक्यातून जाईना. यंदा जानेवारीत मी स्टीलचं टेबल उचलून शेडबाहेर, नवलकोलाच्या वाफ्याच्या कडेला, फणसाखाली नेलं. कामाला येणाऱ्या मावशी तिथेच छाटतात, पाला वाफ्यात पडतो. आत येतो तो नुसता गड्डा. कचऱ्याच्या काट्यावर जानेवारीत दिवसाला चार किलो भरले. मी रजिस्टरकडे पाहून एकटीच हसत होते. मे संपेपर्यंत हसले.

जूनच्या सात तारखेला पाऊस आला. मावशी टेबल सोडून आत पळाल्या. नवऱ्याने फणसाच्या दोन फांद्यांना आणि शेडच्या खांबाला बांधून निळी ताडपत्री वर ताणली. काम पुन्हा सुरू झालं.

दोन दिवसांनी तोच मुलगा आला, बूट आता चिखलाचे. ताडपत्रीखाली उभा राहिला, वर पाहिलं, मग शेडच्या दाराकडे, मग पुन्हा वर.

“वहिनी, याला छप्पर धरायचं का?”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्याने पिशवीतून मोजपट्टी काढली, आणि दुसरं टोक धरायला दाजी आनंदाने पुढे झाले.