मराठीची प्रश्नचिन्हं झाली? घाबरू नका!

शुक्रवारी संध्याकाळी पतसंस्थेची साइट लाइव्ह करून तुम्ही घरी गेलात आणि सोमवारी सकाळी फोन आला, ‘अहो, आमच्या सभासदांची नावं कुठं गेली? नुसती प्रश्नचिन्हं दिसतायत!’ डगमगू नका. पहिलं उत्तर ठरलेलं आहे: ‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय.’ त्याच्या पाठोपाठ दुसरं: ‘कॅशे क्लिअर करून बघा.’ एवढ्यावर अर्धा दिवस आरामात निघतो.

डेटाबेसमध्ये डोकावायची घाई तर मुळीच नको. डोकावलात तर दिसेल की टेबल लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय भाषांच्या अक्षरसंचात आहे आणि कोलेशन, म्हणजे अक्षरं क्रमाने लावायचा नियम, चक्क स्वीडिश. मायएसक्यूएल हा डेटाबेस म्हणजे स्वीडिश कंपनीचं अपत्य, त्यामुळे २०१८ साली ८.० आवृत्ती येईपर्यंत हाच त्याचा डिफॉल्ट होता. लॅटिन-१ मध्ये ‘क’ला जागाच नाही. सर्व्हर ढिल्या सेटिंगचा असेल तर तक्रारही करत नाही, गपचूप प्रश्नचिन्ह लिहून ठेवतो. तेव्हा नावं गेली ती गेलीच. मागे उरली प्रश्नचिन्हं, स्वीडिश शिस्तीत रांगेला लागलेली. हे क्लायंटला कशाला सांगायचं? ‘डेटा रिकव्हरी’चं वेगळं कोटेशन पाठवा आणि एका इंटर्नला छापील यादी घेऊन टायपिंगला बसवा.

एखादा उत्साही ज्युनिअर म्हणेल, टेबल यूटीएफ-८ करूया, त्यात सगळ्या लिपी मावतात. करू द्या. मायएसक्यूएलमध्ये त्या नावाने जे मिळत आलं, ते एका अक्षराला ३ बाइटांपेक्षा जास्त देत नाही. देवनागरीला बरोबर ३ लागतात, त्यामुळे काही महिने सगळं सुखात चालतं. मग दिवाळीला कुणीतरी शुभेच्छांपुढे पणतीचा इमोजी टाकतं, त्याला लागतात ४, आणि फॉर्म आडवा होतो. पूर्ण ४ बाइटांचं ‘यूटीएफ-८ एमबी-४’ २०१० पासून त्याच डेटाबेसमध्ये पडून आहे. पण ते आधीच लावलंत, तर दिवाळीत तुमची आठवण कोण काढणार?

आता नावाची लांबी. ‘क्षितिज’ या नावात अक्षरं किती? तुम्ही म्हणाल तीन. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट म्हणते ७, कारण ती हलन्त आणि वेलांट्याही सुट्या मोजते. तिच्याकडून हेच नाव उलटं करून घेतलं तर ‘जितिष्क’ मिळतं, जे खरं तर बारशाला चालण्यासारखं आहे. सर्व्हरवरची पीएचपी तर थेट बाइट मोजते, म्हणजे ‘मराठी’ची लांबी १५. तिथे बातमीचा मथळा शंभराव्या बाइटवर छाटलात की शेवटचं अक्षर मधोमध चिरलं जाऊ शकतं आणि मग काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. या कटकटी नकोत म्हणून फॉर्मवर लाल अक्षरांत लिहा: ‘नाव फक्त इंग्रजीत भरावे.’ ही सूचना मात्र मराठीत हवी. साइट मराठी आहे ना!

डिझायनरला शीर्षक ‘मोकळं’ हवं असेल तर अक्षरांमधलं अंतर वाढवा. शिरोरेषेचे तुकडे होतील, तो म्हणेल मॉडर्न दिसतंय. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘एचआय’, म्हणजे हिंदीच राहू द्या. तिथे मराठीचं ‘एमआर’ लिहिलं तर चांगले फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे काढतात, आणि मग आजवर ते तसे का नव्हते, असं कुणीतरी विचारेल.

इतकं करूनही भागलं नाही, तर रामबाण उपाय आहेच. सगळा मराठी मजकूर डीटीपीवाल्याकडून लावून घ्या आणि त्याचं चित्र करून पानावर चिकटवा. एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीचा, प्रश्न मिटला. गूगलला सापडणार नाही, अंध सभासदाच्या स्क्रीन रीडरला वाचता येणार नाही, मोबाइलवर मुंगीएवढं दिसेल. पण प्रश्नचिन्ह एकही नाही. शिवाय संचालक मंडळाची निवडणूक झाली की त्याच चित्रात नव्या अध्यक्षांचं नाव बसवायचे पैसे वेगळे.