पगार योग्यतेनुसार

‘डिझायनर पाहिजे. कोरल, फोटोशॉप, मराठी टायपिंग आवश्यक. पगार योग्यतेनुसार.’

एवढा मजकूर स्टेटसला टाकला. योग्यता कुणाची, हे मुद्दाम मोघम ठेवलं होतं. उमेदवाराची निघाली तर उत्तम, नाहीतर दुकानाची सांगता येते.

लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एकाला फुटलेल्या बोळात आमचं दुकान. बारशाचं कार्ड, वाढदिवसाचे बॅनर, शिकवणीवाल्यांच्या निकालाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, श्रद्धांजली. माणसाच्या आयुष्यात छापण्यासारखं जे काही घडतं ते सगळं आमच्याकडं मिळतं. आतापर्यंत डिझाईनही मीच करायचो आणि उधारी मागायलाही मीच जायचो. यंदा मात्र नीटचा निकाल आणि लग्नाच्या शेवटच्या तिथी गळ्यात गळे घालून आल्या. बायको म्हणाली, ‘‘एक माणूस ठेवा, नाहीतर तुमची गादी दुकानात पाठवून देते.’’

पहिला फोन एका वडिलांचा. ‘‘पोरगं दिवसभर मोबाईलच बघायलंय, मालक. तुमच्या कॉम्प्युटरवर बसवा. तेवढाच डोळ्याला बदल.’’ पुढच्यानं घरून काम चालेल का म्हणून विचारलं. घर कुठं, तर आमच्याच मागच्या गल्लीत. पुण्याहून मोबाईल अॅपचे पडदे आखणारा एकजण बोलला, ‘‘मी यूआय-यूएक्स.’’ मला वाटलं, आडनाव सांगतोय.

एकानं आपल्या कामाचे नमुने व्हॉट्सअॅपवर धाडले. त्यातला एक बॅनर मला फारच आवडला. रंग, अक्षरं, मोकळी जागा, सगळं अगदी मनासारखं. मोठा करून बघतो तर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आमच्याच दुकानाचा नंबर. गड्याला तो पुसायचासुद्धा कंटाळा आला होता, आणि हा आमच्याकडं प्रूफ वाचणार होता.

तेव्हापासून नमुने बघणं बंद. समोर बसवायचं आणि काम करून घ्यायचं. विषय सगळ्यांना एकच: मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा बॅनर, 10 बाय 8 फूट. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला तरी आपण निजामाच्याच राज्यात होतो. आपली सुटका झाली 17 सप्टेंबर 1948 ला. 13 महिने उशिरा आलेलं हे स्वातंत्र्य इथल्या पोरांनी शाळेत झेंड्यापुढं उभं राहून पाठ केलेलं असतं, म्हणजे सोपा पेपर, असा माझा हिशोब. पहिल्या उमेदवारानं लाल किल्ला टाकला, वर कबुतरं सोडली आणि मधोमध स्वामी विवेकानंद उभे केले.

‘‘हे कोण?’’

‘‘स्वामी, सर.’’

‘‘अरे, स्वामी रामानंद तीर्थ पाहिजेत. हैदराबादचा लढा त्यांनी चालवला.’’

‘‘गुगलवर स्वामी टाकलं की हेच येतात.’’

दुसऱ्यानं व्हॉट्सअॅपवरचं मॅटर उचललं, कोरलमध्ये चिकटवलं आणि त्याला श्रीलिपीचा फॉन्ट लावला. मोबाईलवरच्या युनिकोड मजकुराला युनिकोड न समजणारा जुना फॉन्ट लावल्यावर जे व्हायचं तेच झालं, सगळ्या ओळीचे चौकोन. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘‘मॉडर्न वाटतंय ना, सर?’’ तिसऱ्यानं पडद्यावर असा पोपटी रंग काढला की डोळे दिपले. मशीनमध्ये शाया चारच, निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी; त्यांच्यातून तो पोपटी वाळलेल्या गवतासारखा निघतो. हे सांगितल्यावर ‘‘मग मशीन बदला की,’’ असा सल्ला मिळाला. फुकटात.

अर्थात फॉन्ट शिकवता येतो, रंग शिकवता येतो. खरं काम खुर्चीच्या मागं असतं, आणि ते कुठल्याही कोर्समध्ये नाही. आमचं गिऱ्हाईक बॅनर सांगून घरी जात नाही. ते डिझायनरच्या मागं स्टूल टाकून बसतं, सोबत चारजण आणतं आणि गुटख्याचं बोट थेट स्क्रीनवर टेकवतं. लोगो मागितला की लेटरहेडचा फोटो पाठवतं, तोही तिघांच्या मोबाईलवरून फिरून आलेला. मोठा केला की फाटतो, आणि फाडला आपण असतो. वाढदिवसाच्या बॅनरवर वरच्या रांगेत नेते, मध्ये गॉगल लावलेले ‘भावी’, आणि खाली पोस्टाच्या तिकिटाएवढे शुभेच्छुक. त्या तिकिटांत एकाचं डोकं शेजारच्यापेक्षा जरा मोठं झालं तर गल्लीत दोन गट पडतात. लग्नपत्रिकेत याहून नाजूक. स्वागतोत्सुकांच्या यादीत धाकटे चुलते थोरल्यांच्या वर गेले तर पत्रिका दुसरी छापता येते, चुलते दुसरे मिळत नाहीत.

म्हणून परीक्षेत एक पेपर वाढवला. आमचा बॅनर बांधणारा गडी गिऱ्हाईक करून उमेदवाराच्या मागं बसवला. त्याला तर जन्माचा वचपा काढायचा होता. ‘‘जरा इकडं घ्या. नाही, तिकडं. थोडं उठाव येऊ द्या. पहिलंच बरं होतं बघा.’’ त्यावर एक उमेदवार चहा पिऊन येतो म्हणून उठला. चहा चांगला मिळाला असावा, अजून आलेला नाही.

शेवटी औशाहून एसटीनं एक पोरगी आली. डीटीपीचा कोर्स झालेला, एका झेरॉक्सच्या दुकानात लग्नसराई काढलेली. तिनं माऊसला हात लावायच्या आधी वही काढली. ‘‘काका, बॅनर कुणाच्या वतीनं? फोटो किती? पद मोठं कुणाचं आणि वय मोठं कुणाचं?’’ आमचा गडी मागून ‘‘उठाव येऊ द्या’’ म्हणाला तेव्हा तिनं काहीच न करता दोन मिनिटं माऊस फिरवला आणि विचारलं, ‘‘आता?’’ गडी म्हणाला, ‘‘हां! आता कसं!’’ मी तिथंच मनात पसंती दिली.

मग तिनं माझी मुलाखत घेतली.

‘‘योग्यतेनुसार म्हणजे किती?’’

‘‘12 हजार.’’

‘‘ही माझी योग्यता का दुकानाची?’’

दुकानाची 14 पर्यंत गेली.

‘‘सुट्टी?’’

‘‘रविवार. तिथी नसली तर.’’

‘‘आणि नाव चुकीचं छापलं तर फ्लेक्सचे पैसे कुणाच्या पगारातून?’’

आजवर ते माझ्याच खिशातून जात होते, त्यामुळं हा प्रश्न दुकानात कधी निघालाच नव्हता. तिचं म्हणणं सरळ होतं: छापायच्या आधी प्रूफ कागदावर काढायचं, गिऱ्हाइकानं ते वाचायचं आणि खाली सही करायची. सहीनंतरचा बदल नव्या बिलावर. मी तिला समजावलं की बाई, हे पुण्यात चालतं. इथं ‘भावी नगरसेवकां’कडं सही मागितली तर ते विचारतील, आमच्यावर भरवसा नाही का?

ती रुजू झाली त्याच आठवड्यात ते ‘भावी’ आले, चौघांना घेऊन. तिनं प्रूफ पुढं सरकवलं. ‘‘साहेब, तुमची सही लागते. तुमच्या मंजुरीशिवाय आमच्याकडं काही छापत नाहीत.’’ मंजुरी म्हटल्यावर साहेबांची छाती फुगली. खिशातला पेन काढून त्यांनी अशी लफ्फेदार सही ठोकली, जणू रस्त्याचं टेंडर पास होतंय. सोबतच्या चौघांनीही मागितलं नसताना खाली सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन. ‘‘सही माझीच हाय, मालक. पण ते डाव्या कोपऱ्यातलं डोकं जरा बारीक करायचं.’’

मी फोनवर हात ठेवून तिच्याकडं बघितलं. तिनं बिलबुक आधीच उघडलं होतं.