बुडबुडे

पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायचा, तोही सौरविजेवर, अशी प्रयोगशाळा मराठवाड्यातल्या विद्यापीठात उघडायची ठरवली, तेव्हा मला वाटलं होतं की अवघड असेल तर रसायनशास्त्र असेल. फाईल हिशेब विभागात गेली आणि भ्रम फिटला.

"एक किलो हायड्रोजनला पाणी किती लागतंय, सर?"

"९ लिटर."

क्लार्कमामांनी पेन खाली ठेवलं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घागर घेऊन रांगेत उभे राहिलेल्यांपैकी ते एक. "आन् तो हायड्रोजन जाळला की?"

"परत पाणीच होतं."

"मग फोडायलाव कशाला?"

चार वर्षं पीएचडी करून या प्रश्नाचं एका ओळीचं उत्तर मला अजून देता येत नाही.

पुढचा वाद वीतभर प्लॅटिनमच्या तारेवरून. ती कंझ्युमेबल, म्हणजे वापरून संपणारी, की डेड स्टॉक, म्हणजे कायम टिकणारी? मी समजावलं, उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतो आणि शेवटी जसाच्या तसा उरतो. "म्हणजे आमच्या खरेदी समितीवानी," मामा म्हणाले आणि डेड स्टॉक रजिस्टरात नोंद केली. तार तिजोरीत गेली. तिजोरीची किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर.

पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे इलेक्ट्रोडवरचा व्होल्टेज नेमका राखणारं यंत्र, आला, तर म्हणे अर्थिंग नाही. वायरमननं खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला आणि हात झटकत म्हणाला, "आता रोज दोन बादल्या पाणी वता, सर. उन्हाळा हाय." गच्चीवरच्या सोलर पॅनेलवर बोटभर धूळ, धुवायला पुन्हा पाणी. बोअरचं चालेना. आमचं बोअर म्हणजे क्षारांचं आगर. त्यात इलेक्ट्रोड बुडवले की आठवड्यात पांढरी पुटं चढतात, आणि क्लोराइड असल्यामुळे ऑक्सिजनसोबत क्लोरीनही निघू शकतो. शुद्ध पाणी हवं तर डिस्टिलेशन. त्याच्या कंडेन्सरला सतत वाहतं पाणी! पुस्तकात लिहिलंय, पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात. पाणी मिळवायला किती, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

शेवटी बसस्टँडमागच्या इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर आणायला गेलो. मालक नववी नापास. आम्लाची घनता सांगणारा हायड्रोमीटर बॅटरीत बुडवून, चष्मासुद्धा न लावता पोराला म्हणाला, "बाराशे दहा. अजून चढू दे." ओळीनं आठ बॅटऱ्या चार्जिंगला, बुचं उघडी, आत फसफस बुडबुडे. चौदा महिने ज्याची मी वाट बघत होतो, तो हायड्रोजन इथं हवेत चालला होता.

"जवळ बिडी वढू नका, सर, भडका होतो," तो म्हणाला. "तुमच्या लॅबात काय करत्यात?"

मी बुडबुड्यांकडे बोट दाखवलं. "हेच."

त्यानं एकदा बुडबुड्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पाच लिटरच्या कॅनचे पैसे त्यानं घेतले नाहीत.