नवतपा आणि वीस अंश

भाच्यानं अँटवर्पहून येताना चॉकलेट आणायला हवं होतं. त्यानं आणला माल्ट एक्स्ट्रॅक्टचा दीड किलोचा डबा, हॉप्स नावाच्या कडू फुलांची पुडी आणि साखरेची दारू करणाऱ्या यीस्टचं पाकीट.

"मामा, बेल्जियन पेल एल बिअर, घरच्या घरी! उकळायचं, थंड करायचं, यीस्ट टाकायचं. झालं!"

"थंड करायचं" हे तो इतक्या सहज म्हणाला, की त्याचं बालपण नागपुरात गेलं यावरचा माझा विश्वासच उडाला. तारीख होती 27 मे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच तापू लागला होता.

एक्स्ट्रॅक्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातली साखर पाण्यात उतरवून आटवलेली काकवी. हळदीकुंकवाच्या मसाला दुधाचा मोठा गंज काढला आणि दहा लिटर पाणी चढवलं. गॅस बंद करून मगच डबा ओतायचा, नाहीतर माल्ट तळाशी बसून करपतो, हे मला करपल्यावर कळलं. मग हॉप्स. हिरव्या गोळ्या, थेट बकरीच्या लेंड्या. त्या पडताच सगळं दुधासारखं उतू गेलं. शिवाय तासभर उकळायचं, कारण त्याशिवाय हॉप्सचा कडूपणा उतरत नाही. बाहेर 45 अंश. बायको एकदा आत डोकावली, "तुम्ही दुपारचा चहा मागता तेव्हा इथं असंच असतं," म्हणाली आणि कूलरपुढे परत गेली.

खरी परीक्षा पुढेच होती. यीस्ट वीस अंशांच्या आसपास टाकायचं. आमच्याकडे मे महिन्यात वीस अंश फक्त एसीच्या रिमोटवर दिसतात. गंज टबात ठेवून नळ सोडला. पारा भराभर उतरत पन्नासाजवळ आला आणि थबकला. आणखी उतरणार कसा? गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच तेवढं तापलेलं!

रसवंतीवाल्याकडे बर्फाची अर्धी लादी मागितली. "लग्न हाये का भाऊ घरी?" त्यानं विचारलं. गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर आणली. घरी पाव पोचली, उरलेली शंकरनगर चौकाला अर्पण. शेवटी गंज कूलरसमोर मांडला, तेव्हा घरात उघड बंड झालं. रात्री अकराला एकतीस अंश.

तेवढ्यात साळा आला. वकील आहे.

"काय करून राहिले भाऊजी?"

सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. "1949 चा दारूबंदी कायदा, कलम 65. परवाना हाये का?"

"अरे, यीस्ट अजून पाकिटातच आहे."

"मग हा काढा हाये. काढ्याला बंदी नाही." निकाल देऊन तो जेवायला बसला. आईनं चमचाभर चाखला. "काडेचिराईतच आहे, पण गोड का रे?"

पाकीट कपाटात गेलं. गंज झाकून कोपऱ्यात सरकवला आणि, खरं सांगतो, विसरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण हललं. आत पांढरा फेस, बुडबुड चालू. ब्रसेल्सच्या आसपास लॅम्बिक बिअर अशीच हवेतल्या यीस्टवर सोडतात म्हणे, पण तेही थंडीच्या महिन्यांत. इथं धरमपेठेच्या हवेनं मला न विचारता काम उरकलं होतं.

घाबरून साळ्याला फोन लावला. "कलम 65 हवेला लागतं का रे?"

"आत्ताच्या आत्ता ओतून टाका भाऊजी!" तो ओरडला. मग क्षणभर शांतता. "नाही, थांबा. मी येऊन राहिलो. आधी पंचनामा करू."