40 शीट सांगितल्या, 61 लागल्या: दुकानाच्या मालकाचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. सकाळी काउंटरवरच्या मुलांना वाचून दाखवला आणि मग नागपुरात काटोल रोडवरच्या तुमच्या कामाची फाइल काढून बसलो. तुम्ही लिहिलंत की शिंगलच्या (म्हणजे खिळ्यांनी ठोकायच्या पातळ चकत्यांच्या) छपराखाली लागणाऱ्या प्लायसाठी आम्ही 40 शीटचं कोटेशन दिलं आणि शेवटी 61 घ्याव्या लागल्या. गाडीभाडं तीनदा लागलं. चार शीट वाकड्या होत्या. दुसरीकडे ₹54 चौरस फुटाने मिळणारं प्लाय आम्ही ₹82 ने दिलं. ओट्याच्या ग्रॅनाइटसाठी ठेवलेले पैसे छपरात गेले. आणि शेवटी, "हे लोक ठरवूनच कमी सांगतात, गिऱ्हाईक अडकलं की वाढवतात."

हे शेवटचं वाक्य फार लागलं. लकडगंजात आमचं दुकान वडिलांपासून आहे, ठरवून कमी सांगणं आमच्या घरात कुणाला शिकवलेलं नाही. पण कोटेशन चुकलं, हे शंभर टक्के खरं आहे, आणि ते कसं चुकलं हे सगळ्यांसमोर सांगायला हवं, कारण तुम्हीही सगळ्यांसमोर विचारलंय.

तुम्ही नकाशा घेऊन आलात तेव्हा मी बाहेर होतो, तरी कोटेशनवर सही माझी आहे. काउंटरवरच्या मुलाने नकाशावरून घराचं माप घेतलं, 30 बाय 40, म्हणजे 1200 चौरस फूट. एक शीट 8 बाय 4 ची, 32 फुटांची. भागाकार साडेसदतीस आला, वर थोडं धरून त्याने 40 लिहिलं. हा हिशोब फरशीचा झाला. तुमचं छप्पर दोन उतारांचं, 30 अंशांचं, आणि चारही बाजूंना भिंतीच्या दोन फूट बाहेर काढलेलं. वळचण धरली की 30 चे 34 होतात आणि 40 चे 44, म्हणजे जमिनीवरून दिसणारं मापच 1496 फूट. त्यात उतार. 30 अंशांच्या उताराला सपाट मापाच्या जवळपास 1.155 पट जागा लागते, म्हणून प्रत्यक्ष छप्पर भरतं सुमारे 1727 फूट. आम्ही 1200 धरून बसलो होतो. छपराचा कच्चा सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचं चित्र, त्याच नकाशाच्या दुसऱ्या पानावर होता, ते पान उलटायला हवं होतं.

आता 1727 ला 32 ने भागलं तर 54 येतात, मग 61 कशा लागल्या, हे तुम्ही विचारणारच. दोन वेळा माणूस साइटवर पाठवून मी हे समजून घेतलं. आढ्यापासून वळचणीपर्यंत तुमचा एक उतार 19 फूट साडेसात इंचांचा आहे आणि लांबी 44 फूट, म्हणजे चार-चार फुटांच्या 11 पट्ट्या. समोरच्या बाजूला, ज्यांवर प्लाय बसतं ते सांगाड्याचे आडवे पाइप दोन-दोन फुटांवर आहेत. शीटचा जोड पाइपवरच यावा लागतो आणि आठ फुटांत दोनचा भाग बरोबर जातो. म्हणून एका पट्टीत दोन अख्ख्या शीट आणि वर 3 फूट साडेसात इंचांचा तुकडा. असे दोन तुकडे एका शीटमधून निघतात. समोरची बाजू 28 शीटमध्ये झाली.

मागच्या बाजूला पाइप अडीच फुटांवर वेल्ड केले आहेत. तिथे आठ फुटांची शीट साडेसात फुटांवर कापावी लागली, नाहीतर जोड हवेत लोंबला असता. दोन शीटने 15 फूट झाले, उरला 4 फूट साडेसात इंचांचा तुकडा, आणि तो अर्ध्या शीटपेक्षा मोठा. प्रत्येक पट्टीला तिसरी शीट फोडावी लागली. 11 पट्ट्या, 33 शीट. तुम्ही लिहिलेल्या "अंगणभर पडलेल्या पट्ट्या" इथूनच आल्या. मागच्या बाजूला 11 ऐवजी 9 पाइप लागले, दोन पाइप वाचले आणि 5 शीट वाढल्या. पाइपचा सांगाडा वेल्ड करणाऱ्या फॅब्रिकेटरला मी बोल लावत नाही, शीटचं माप सांगून त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं. वेल्डिंगच्या आठ दिवस आधी नकाशा आमच्या काउंटरवर होता. तेव्हा एक फेरी मारली असती, "पाइप दोन फुटांवरच घ्या" एवढं सांगितलं असतं, तर हे टळलं असतं. ताई, या सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त हेच खटकतं.

पैशांचं. कोटेशनमध्ये शीटचे ₹1,04,960 ठळक होते आणि 18 टक्के जीएसटी खाली "वेगळा" म्हणून बारीक अक्षरात. करासकट तो आकडा ₹1,23,853 होतो. 61 शीटचा करासकट ₹1,88,876. फरक 65 हजारांचा. घर बांधणाऱ्या माणसाच्या हातात तेव्हा एकेक हजार मोजलेला असतो, हे मला कळतं. स्क्रूसुद्धा आम्ही धरले नव्हते. कडेच्या पाइपवर सहा इंचांना एक आणि मधल्या पाइपवर फुटाला एक धरला तरी एका शीटला 33 लागतात, तुमच्या कामाला दोन हजार.

वाकड्या शीटबद्दलही तुमचंच बरोबर आहे. आमच्या हमालांनी त्या कंपाउंडच्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या. मे महिन्यात, 45 अंशांत, एक बाजू उन्हाला आणि दुसरी सावलीला! सरळ शीटही त्यात धनुष्यासारखी होते. तीन लाकडी ठोकळ्यांवर आडव्या थप्पीत रचून वर झाकण टाकायला हवं होतं.

मात्र भावाच्या बाबतीत मी माझ्या शब्दावर ठाम आहे. ₹54 वालं प्लाय मी पाहिलं नाही, पण 12 एमएममध्ये त्या भावाला बाजारात कमर्शियल मिळतं, एमआर ग्रेडचं, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं. ते वाईट नाही. बेडरूमच्या कपाटाला मी स्वतः तेच सुचवतो, उगाच महाग देत नाही. पण छपरावर ते देणार नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. तुम्हाला दिलेल्या शीटवर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का आहे. त्या ग्रेडच्या नमुन्याला 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. शिंगलखाली एखाद्या खिळ्याशी पाणी मुरलं तर ते तुम्हाला दोन-तीन पावसाळे दिसत नाही. कमर्शियल प्लाय तेवढ्यात आतून उकलून जातं आणि मग शिंगलसकट सगळं काढावं लागतं. बजेट कमी करायला मी तुम्हाला वळचण दोन फुटांची दीड फूट करा म्हणेन, पाइपचं अंतर जुळवा म्हणेन, ग्रेड उतरवा म्हणणार नाही.

शीटमध्ये फटी ठेवल्या अशी तक्रार तुम्ही जाता जाता केलीत. ती फट सुताराने मुद्दाम ठेवली आहे, तीन एमएमची, आणि त्याने चांगलं काम केलंय. मे महिन्यात आपल्याकडे लाकूड कडकडीत कोरडं असतं, जुलैत हवेतलं पाणी पिऊन पसरतं. जागा नसेल तर शीट एकमेकींना ढकलतात आणि वरचं शिंगल लाटेसारखं उचललं जातं.

आता माझ्याकडून काय. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचं भाडं व हमाली आम्ही पूर्ण परत करतोय, कारण त्या फेऱ्या आमच्या चुकीच्या हिशोबामुळे झाल्या. पाइपच्या अंतरामुळे वाढलेल्या 5 शीटची करासकट किंमत ₹15,482 आहे. त्यातले निम्मे, ₹7,741, आमच्या अंगावर. वाकड्या शीट दाबून बसवण्यात सुताराचा जेवढा वेळ गेला, त्याची मजुरी तो सांगेल ती. बाकीच्या शीटचे पैसे परत करता येणार नाहीत. त्या तुमच्या छपराला लागणारच होत्या, पहिल्या दिवशी सांगितल्या असत्या तरी तेवढ्याच. तो आकडा उशिरा कळल्यामुळे तुमच्या ओट्याचं गणित बिघडलं, त्याबद्दल मी हात जोडून माफी मागतो.

सोमवारपासून उताराच्या छपराचं कोटेशन उतार, वळचण आणि पाइपचं अंतर साइटवर मोजल्याशिवाय आमच्याकडून जाणार नाही. आकडा करासकट ठळक असेल आणि स्क्रू त्यातच धरलेले असतील. या मोजमापाचं पान भरण्याचं काम तुमचं कोटेशन केलेल्या मुलाकडेच दिलंय. तो मेहनती आहे, दोन दिवस त्याचा चेहरा उतरलाय.

आणखी एक सांगायचं राहिलं. मागच्या बाजूचे 11 तुकडे साइटवर पडले असतील, 4 फूट बाय जवळपास 3 फूट 4 इंचांचे. ते फेकू नका, पावसात राहू देऊ नका, कुणाला जाळायला देऊ नका. हेच 710 चं प्लाय सिंकखालच्या कपाटांना विकत घ्यायला गेलात तर पुन्हा ₹82 फुटानेच मिळेल. ओट्याखालचं माप घेऊन या, किंवा सुताराला पाठवा. पॅनल सॉवर, म्हणजे शीट कापायच्या मशीनवर, आम्ही ते मापात कापून देऊ, त्याचे पैसे नाहीत, आणि आमचीच गाडी येऊन नेईल व पोचवेल.