होय, फेरीवालीच! 'एक जुना वाचक' यांना उत्तर

'एक जुना वाचक' यांस,

माझ्या नव्या रहस्यकादंबरीवरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून झोपले, पण पहाटे पाणी सुटलं म्हणून उठले तर डोक्यात तीच. (सोलापुरात पाणी आलं की उठावंच लागतं आणि ते रोज येत नाही, तुमच्यासाठी खास उठले असं समजू नका.)

तुमचे आक्षेप तीन. नव्या कादंबरीतला खून एप्रिल 2025 मधला, तरी फौजदार एफआयआरमध्ये कलम 302 लावतो. खुनी 80 व्या पानावरच कळतो. आणि तिसरा, तुमच्याच शब्दांत: 'पुस्तक आल्यापासून ताई लेखिका कमी आणि फेरीवाली जास्त झाल्या आहेत.'

कलमाचं मान्य. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाला आता 103. बोलण्यात 'तीनशे दोन' अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, पण कागदावर ते चालणार नाही. चूक माझी, मुद्रितशोधकाची नाही. झालं?

आता फेरीवाली.

चूक दाखवायची तर खुशाल दाखवा. पण टोपणनावाआड बसून, 'ताई' म्हणत चिमटा काढायचा, ही कुठली रीत? तो शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात म्हणून सांगते. माझे वडील साखर पेठेत दुसऱ्याच्या मागावर बारा-बारा तास उभे असायचे. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने हिशेबापोटी पैशांऐवजी चादरी दिल्या. त्या खांद्यावर टाकून ते होटगी रोडपर्यंत दारोदार फिरले. गिऱ्हाइकापुढे चादर उलगडायची, उलटी करून दाखवायची, मागेही तीच नक्षी, फक्त रंग फिरलेले. 'नको' म्हटलं की पुन्हा घडी घालायची, पहिल्यासारखीच. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, शाळेतून आले की मी पानं कातरून द्यायचे. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. त्या शाळेतल्या भाषेत मी पाच कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा मला फेरीवाली म्हणून तुम्ही माझं काही कमी केलेलं नाही.

पुस्तक आल्यावर घरात काय होतं, तेही ऐका. आवृत्ती 500 प्रतींची, किंमत 300 रुपये, रॉयल्टी दहा टक्के. म्हणजे शेवटची प्रत खपली तरी माझ्या हाती 15,000, तेही वर्ष संपल्यावर. त्यातल्या 150 प्रती मीच सवलतीत विकत घेतल्या. पलंगाखाली खोक्यांत आहेत, केर काढताना रोज ढकलाव्या लागतात. नातेवाइकांना भेट हवी, सहीसकट. एका मावशीची खात्री आहे की विष घालणारी सून तिच्यावरूनच बेतलीय. दोन महिने अबोला आहे. (नाही बेतलेली. पण इतका राग आलाय म्हटल्यावर आता मलाच शंका येते.) हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम असला की परवानगी काढून दाराशी टेबल मांडते. लोक पुस्तक उचलतात, शेवटचं पान वाचतात आणि ठेवून देतात. रहस्यकथेचं शेवटचं पान! वडिलांच्या चादरीवर झोपून, सकाळी 'नको' म्हणणारं गिऱ्हाईक निदान त्यांना तरी भेटलं नाही.

तुम्ही तर लिहिलंयच, 'वाचनालयातून आणून वाचली.' छान. वाचनालयं जगलीच पाहिजेत, माझं अर्धं वाचन तिथलंच. पण मग या फेरीवालीने तुमच्या दाराशी येऊन तुम्हाला नेमका कोणता त्रास दिला, ते कळेल का?

राहिलं 80 वं पान. खुनी कळला असेल, तर तुम्ही हुशार आहात. त्यानंतरची 160 पानं कशासाठी वाचलीत, तेवढं लिहा.

103 दुसऱ्या आवृत्तीत होईल. दुसरी आवृत्ती निघायची तर आधी पलंगाखाली जागा व्हायला हवी. येत्या रविवारी संध्याकाळी त्याच टेबलाशी आहे. नाव सांगितलं नाहीत तरी चालेल. 300 रुपये, सुटे आणा.