चार महिने राज्य केलेल्या पक्षाला ज्ञानकोशात जागा का नको?

काँग्रेसमधून फुटून निघालेली 'गोवा राजीव काँग्रेस' आठवते का कुणाला? आमच्या वयाच्या गोंयकारांना आठवेल, तेही कपाळाला आठ्या घालून. अशा पक्षांवर ज्ञानकोशात वेगळी नोंद कशाला, त्या पावसाळी छत्र्या, काँग्रेसच्या नोंदीत एक ओळ टाकली की झालं, असं बरेच जण म्हणतात. मला ते साफ अमान्य आहे.

गोव्याच्या मुख्यमंत्र्यांची यादी काढून १९९० ते २००० हा तुकडा वाचा. १९९० मध्ये आधी चर्चिल आलेमाव, मग लुईस प्रोत बार्बोझा. जुलै १९९८ मध्ये डॉ. विल्फ्रेड डिसोझा आले ते याच राजीव काँग्रेसचे, आणि नोव्हेंबरात गेलेही. पुढच्या वर्षी फ्रान्सिस सार्दिन, पक्ष गोवा पीपल्स काँग्रेस, पाठिंबा भाजपचा. तो पाठिंबा निघाला आणि ऑक्टोबर २००० मध्ये मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले. गोव्यात भाजपचं पहिलं सरकार कसं आलं हे सांगताना सार्दिनांचा पक्ष वगळून दाखवा बघू!

आणि हे पक्ष उगवायचे कसे? त्याला कारण कायदाच. १९८५ च्या पक्षांतरबंदीत पळवाट होती: विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश आमदार एकत्र निघाले तर ती 'फूट', आमदारकी शाबूत. १९८९ ला काँग्रेसचे २० निवडून आले होते, म्हणजे हवेत सात. मार्च १९९० मध्ये सातच फुटले, त्यांत खुद्द सभापती बार्बोझा! चाळीस जणांच्या सभागृहात एवढ्यांवर सरकार पडतं. निघालेल्यांना पाटी हवी, म्हणून गोवन पीपल्स पार्टी. विचारधारा वगैरे सोडा हो.

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही पळवाट बुजवली. आता दोन तृतीयांश लागतात आणि तेही विलीनीकरणासाठी. म्हणून हल्ली नवी पाटी रंगवत नाहीत, घाऊक प्रवेश होतो: २०१९ ला काँग्रेसच्या पंधरापैकी दहा भाजपमध्ये, २०२२ ला अकरापैकी आठ.

याचा अर्थ नोंदणी झाली की प्रत्येक पक्षाला पान द्या, असं नव्हे. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ पक्ष यादीतून काढले, सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले. त्यांतल्या बहुतेकांबद्दल लिहिणार तरी काय? अध्यक्षांचा फोटो आणि 'तळागाळातल्या माणसासाठी' हे वाक्य? पक्षाच्या लोकांशिवाय दुसऱ्या कुणी त्याची दखल घेतलीय का, एवढं मी आधी बघेन. वय आणि आमदारांची संख्या नंतर.

राजीव काँग्रेसवर नोंद लिहायला घेतोय. फार मोठी नाही: कोण फुटलं, कुणाच्या पाठिंब्यावर सरकार बनलं, कशाने पडलं, आमदार पुढे कुठे गेले. १९९८ च्या 'गोमन्तक' किंवा 'नवप्रभा'ची कात्रणं कुणाच्या घरी असतील तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका. तारीख दिसेल असा काढा, प्लीज.